सूची, कोश आणि पुष्पिका : विद्यापीठांतील नव्या ज्ञानव्यवस्थेचें एक परीक्षण

(१)

जुनी पोथी हातीं आली म्हणजे जाणता संग्राहक पहिलें पान पाहण्याच्या आधीं शेवटचें पान उलटतो. ग्रंथाचें नांव आरंभीं असो वा नसो, शेवटीं पुष्पिका बहुधा असते. आणि तींत शक, संवत्सर, मास, पक्ष, तिथि, वार यांच्याबरोबर लेखकाचें नांव, त्याच्या बापाचें नांव, गांव, व ही प्रत कोणासाठीं उतरली हें दिलेलें सांपडतें. पुष्कळ ठिकाणीं लेखक याहून थोडा पुढें जातो. पाठ वांकली, कंबर मोडली, मान आंखडली, दृष्टि मंद झाली. एवढ्या कष्टानें लिहिलेला हा ग्रंथ यत्नानें जतन करा, अशा अर्थाचा एक ठराविक श्लोक तो लिहून ठेवतो. हा श्लोक शेंकडों पोथ्यांतून आलेला असल्यामुळें आपण तो न वाचतां पुढें जातों. सूचीकारही 'नेहमींचा लेखकश्लोक' एवढें म्हणून तो सोडून देतात. आम्हींही अनेक वर्षें तसेंच केलें.

अलीकडे मात्र त्या श्लोकाकडे आम्ही निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलों आहों. ज्ञान एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं नेण्यास कोणाच्या तरी पाठीची, कंबरेची व डोळ्यांची किंमत पडते, आणि ती ग्रंथाच्या अंगावरच नमूद असली पाहिजे, असें त्या लेखकांस वाटत होतें. आज आपल्या विद्यापीठांतून व तत्सम संशोधनसंस्थांतून ज्ञानाची नवी व्यवस्था लावण्याचें काम झपाट्यानें चालू आहे. पोथ्यांचीं छायाचित्रें घेतलीं जात आहेत, सूच्या संगणकांत भरल्या जात आहेत. प्रबंध, निकाल, हजेरी, अध्यापकांचे लेख, सर्व कांहीं ठराविक नमुन्याच्या रकान्यांत बसविण्यांत येत आहे. या सर्वास 'नॉलेज मॅनेजमेंट' असें भारदस्त नांव मिळालें आहे. तिचें गुणवर्णन पुष्कळ झालें. तिची किंमत कोणीं, किती व कशी दिली, याचा हिशेब मात्र क्वचितच मांडलेला दिसतो. तो अंशतः मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

आम्ही संगणकाचे द्वेष्टे नाहीं, हें आधींच सांगतों. एक पाठ ताडून पाहण्यासाठीं पिरंगुटाहून एस. टी.नें घाट ओलांडावा, भुकूम-भूगांवावरून पुण्यास जावें, ग्रंथपालाची मर्जी सांभाळावी, आणि कपाटाची किल्ली ज्याच्यापाशीं तो रजेवर आहे हें ऐकून परत यावें, असे दिवस आम्हीं काढले आहेत. आज कित्येक पोथ्यांचीं पानें घरच्या ओट्यावर बसून पाहतां येतात. २००९ सालच्या नियमानें पीएच. डी.च्या प्रबंधांची संगणकीय प्रत सादर करणें आवश्यक झालें, आणि 'शोधगंगा' या भांडारामुळें ते प्रबंध खेड्यांतल्या विद्यार्थ्यासही फुकट वाचतां येऊं लागले. हें उपकार न मानणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु उपकार मान्य केले म्हणजे हिशेब विचारावयाचा नाहीं, असें होत नाहीं.

(२)

पहिलें उदाहरण पुण्यांतलेंच, आणि संगणकाच्या पूर्वींचें घेऊं. म्हणजे दोष यंत्राचा कीं आपला, याचा निवाडा करणें सोपें जाईल. १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत निघालेली संस्कृत पाठशाळा हें ज्याचें मूळ, तें डेक्कन कॉलेज १९३९ सालीं पदव्युत्तर संशोधनसंस्था म्हणून पुन्हां उघडलें आणि १९९० सालीं त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकारानें तेथें १९४८ सालीं ऐतिहासिक तत्त्वांवर संस्कृत शब्दकोश रचण्याचें काम सुरू झालें. ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे, बासष्ट विद्याशाखांतील सुमारे १५०० ग्रंथ निवडण्यांत आले. १९७३ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षें, या ग्रंथांतून शब्द वेंचून चिठ्ठ्यांवर उतरविण्याचें काम चाललें. चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरांत गेली. नंतर संपादन होऊन डॉ. अ. मा. घाटगे यांच्या प्रमुख संपादकत्वाखालीं १९७६ सालीं कोशाचा पहिला भाग बाहेर पडला.

हे आंकडे कौतुकानें सांगितले जातात, आणि ते कौतुकास पात्रही आहेत. पण त्यांचा साधा भागाकार करून पहावा. वेंचणीच्या कामावर सुमारे चाळीस पंडित होते असें धरलें, तर एक कोटी चिठ्ठ्यांचे वर्षास चार लक्ष, व माणशीं वर्षास दहा हजार होतात. वर्षाचे कामाचे दिवस अडीचशें धरले तर रोज चाळीस. चाळीस हा आंकडा लहान दिसतो. चिठ्ठी म्हणजे नुसती नक्कल असती तर तो खरोखरच लहान ठरला असता. परंतु चिठ्ठी लिहिणाऱ्यास आधीं संधि फोडावा लागतो, समास सोडवावा लागतो, आणि ज्या वाक्याशिवाय शब्दाचा अर्थ उभा राहत नाहीं नेमकें तेवढेंच वाक्य उचलावें लागतें. 'अक्ष' हा एकच शब्द घ्या. द्यूताच्या प्रकरणांत तो फासा आहे, रथाच्या वर्णनांत आंस आहे, दर्शनग्रंथांत इंद्रिय आहे, वैद्यकांत कर्षाएवढें वजन आहे किंवा बेहडा आहे, आणि ज्योतिषांत अक्षांशाशीं त्याचा संबंध आहे. वाक्य दोन शब्द अगोदर तोडलें तर पुढच्या पिढीच्या संपादकाला रथाच्या जागीं द्यूत दिसेल. म्हणजे रोजच्या चाळीस चिठ्ठ्या हे रोजचे चाळीस निवाडे होते, आणि ते पंचवीस वर्षें अखंड चालले.

या कोशाचे पस्तीस खंड प्रसिद्ध झाले तेव्हांही 'अ' या आद्याक्षराचा प्रदेश संपला नव्हता. वृत्तपत्रें व अनुदान देणारे, 'काम केव्हां संपणार ?' हा प्रश्न विचारतात. प्रश्न अयोग्य नाहीं. सार्वजनिक पैशाचा हिशेब विचारलाच पाहिजे. पण त्या प्रश्नाची दुसरी बाजू अशी, कीं कित्येक विद्वानांचें अख्खें सेवाजीवन एका अक्षराच्या आंत संपलें. तरुणपणीं ज्यांनीं कपाटाचे खण उघडले ते निवृत्त झाले, आणि तेंच अक्षर चालू राहिलें. प्रमुख संपादकांचीं नांवें जिज्ञासूंस ठाऊक असतात. रोज चाळीस निवाडे करणाऱ्यांपैकीं किती जणांचीं नांवें आपणांपैकीं किती जणांस सांगतां येतील ?

आतां चिठ्ठ्यांचीं छायाचित्रें घेण्यांत आलीं आहेत व 'कोशश्री' नांवाच्या संगणकप्रणालीच्या साहाय्यानें पुढील संपादन व्हावें अशी योजना आहे. झिजत चाललेला कागद यामुळें वांचेल, हा मोठाच लाभ होय. चिठ्ठी शोधण्यास लागणारा वेळही वांचेल. परंतु अर्थनिर्णयास लागणारा वेळ यंत्र वांचवीत नाहीं. कारण तो वेळ शोधण्याचा नसून जाणण्याचा आहे. यंत्र आलें म्हणून जाणत्यांच्या जागा कमी केल्या तरी चालेल, असा निष्कर्ष कोणीं काढला तर तो कोशाच्या मुळावर येईल.

याच्या शेजारीं दुसरें उदाहरण ठेवूं. भांडारकर संस्थेंत १९१९ सालीं आरंभिलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९६६ सालीं पुरी झाली. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं आदिपर्वाच्या प्रस्तावनेंत, १९३३ सालीं, पाठसंकलनाची पद्धति खुलासेवार सांगितली आहे. ही सुद्धां एक ज्ञानव्यवस्थाच होती, आणि ठराविक नमुन्याच्या पत्रकांवर चालणारी होती. मात्र तिच्यांत नमुना माणसाच्या हाताखालीं होता. निरनिराळ्या लिप्या जाणणारे शास्त्री व पदवीधर पाठसंकलनास नेमलेले होते. दक्षिणेकडील प्रतींसाठीं तंजावरास व बंगाली प्रतींसाठीं शांतिनिकेतनास काम करविलें गेलें. कारण लिपि जेथें जिवंत, तेथेंच ती वाचणारा मिळणार हें संपादकांनीं ओळखलें होतें. मद्रास विद्यापीठानें १९३५ सालीं हातीं घेतलेल्या नव्या बृहत्सूचीचा पहिला खंड १९४९ सालीं निघाला. रियासतकार सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग १९३० ते १९३४ या अवधींत प्रसिद्ध केले. इतका वेग साधला तो मोडी भराभर वाचणारे साहाय्यक हाताशीं होते म्हणून. वेग असो वा विलंब, दोन्ही ठिकाणीं निर्णायक गोष्ट एकच होती : जाणता मनुष्य कामाच्या मध्यभागीं होता कीं कडेला.

(३)

यापुढें जें सांगावयाचें तें सांगतांना संकोच वाटतो, कारण त्यांत आमचाही हात आहे. शिक्षकाच्या पेशांतून निवृत्त झाल्यावर एका संस्थेच्या पोथीसंग्रहाची संगणकीय सूची करण्याच्या कामीं आम्हांस बोलावणें आलें. संस्थेचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तिच्यासारख्या पुष्कळ आहेत, आणि तेथील मंडळींचा हेतु शुद्ध होता.

त्या संग्रहापाशीं एक वृद्ध शास्त्री पूर्वींपासून होते. त्यांना येथें शास्त्रीबोवा एवढेंच म्हणूं. त्यांच्यापाशीं हातची एक जाड वही होती. तींत प्रत्येक बासनाची हकीकत त्यांनीं आपल्या ओळखीच्या खुणांनीं लिहिलेली होती : हें बासन कोणाच्या घरून आलें, येतांना त्याला कोणती फळी होती, कोणत्या पानांवर हरताळ फासून दुरुस्ती केली आहे, आणि अमुक पोथीचीं गहाळ पानें तमुक बासनांत चुकून बांधलीं गेलीं आहेत. अक्षरावरून लेखक ओळखण्यांत त्यांचा हातखंडा होता. कित्येक पोथ्यांस पुष्पिका नव्हती, तरी त्या कोणाच्या हातच्या हें ते दुसऱ्या पोथीशेजारीं ठेवून दाखवीत.

नव्या नमुन्यांत विसांवर रकाने होते. ग्रंथनाम, कर्ता, विषय, लिपि, पत्रसंख्या, ओळी, लांबी, रुंदी, पूर्ण किंवा अपूर्ण, स्थिति, सर्व आवश्यकच. शेवटीं 'शेरा' म्हणून एक रकाना होता व त्यांत मोजकींच अक्षरें मावत. नोंदी भरण्यास सहा महिन्यांच्या कराराची मुलें-मुली ठेविलेलीं होतीं व त्यांना नोंदीगणिक पैसे मिळत. दिवसाचा आंकडा ठरलेला होता. तो भरला कीं नाहीं, हें पाहण्याचें काम आमच्याकडे होतें.

एके दिवशीं एका धर्मशास्त्राच्या टीकेची नोंद चालली होती. मधलीं अकरा पत्रें नव्हतीं. मुलीनें 'अपूर्ण' हा शब्द निवडला. शास्त्रीबोवा म्हणाले, "अपूर्ण कशी ? तीं पत्रें पंचांगांच्या बासनांत आहेत. अक्षर तेंच, ओळी त्याच, कागदही तोच. मास्तर, हें कोणत्या रकान्यांत लिहावयाचें ?" आम्हीं 'शेरा' दाखविला. त्यांनीं सांगितलेलें त्यांत मावलें नाहीं. दिवसाच्या आंकड्यांत अजून नऊ नोंदी कमी होत्या. आम्ही म्हणालों, "सध्यां अपूर्णच असूं द्या, पुढें पाहूं." शास्त्रीबोवा कांहीं बोलले नाहींत. पंचांगांच्या बासनाची पाळी आली तेव्हां तीं अकरा पत्रें 'संकीर्ण, त्रुटित' या सदरांत गेलीं. एका ग्रंथाच्या दोन नोंदी झाल्या, आणि दिवसाचा आंकडा मात्र एकानें वाढला.

असें पुष्कळ वेळां घडलें. शास्त्रीबोवांस विचारण्यांत वेळ जातो म्हणून मुलें त्यांना विचारीनाशीं झालीं. आपणांस कोणी विचारीत नाहीं हें ध्यानांत आल्यावर तेही उशिरां येऊं लागले, आणि मग येईनासे झाले. त्यांना कोणीं काढलें नाहीं. त्यांचें मानधन थांबविण्याचा ठरावही झाला नाहीं. तें पूर्वींपासूनच नांवाला होतें. त्यांच्या येण्यास कारण उरलें नाहीं, एवढेंच. त्यांच्या मागें कपाटें होतीं, छायाचित्रें होतीं, नोंदी होत्या. परंतु विचारावयाचें कोणाला, हें ठिकाण नाहींसें झालें होतें.

दुसरी हानि याहून कमी दिसणारी, पण आमच्या मतें तितकीच मोठी. करारावरच्या मुलांपैकीं एका मुलीस तिसऱ्या महिन्यापासून अक्षरें ओळखूं येऊं लागलीं. हें अमक्या पोथीसारखें वळण आहे, असें ती आपण होऊन म्हणूं लागली. शिष्य तयार होण्याची ही पहिली खूण असते, हें चाळीस वर्षें शिकविणाऱ्यास सांगावयास नको. सहाव्या महिन्यास मुदत संपली. मुदत वाढविण्यास पैसा नव्हता. नवी प्रणाली घेण्यास होता. दुसरीं मुलें आलीं व त्यांनीं पहिल्यापासून आरंभ केला.

कांहीं वर्षांनीं एका तरुण अभ्यासकानें त्या टीकेची संपूर्ण प्रत कोठें आहे काय अशी आम्हांस पृच्छा केली. संगणकांत त्यास 'अपूर्ण' दिसलें होतें. तोंवर शास्त्रीबोवा निवर्तले होते. आम्ही त्यांच्या घरीं गेलों. त्यांच्या सूनबाईंनीं देव्हाऱ्याखालच्या फडताळांतून ती वही काढून दिली. अकरा पत्रांचा उल्लेख तींत स्वच्छ होता. पत्रें सांपडलीं. म्हणजे जी सूची आम्हीं मागासलेली म्हणून बाजूस सारली, तिच्याच आधारें नव्या सूचींतली चूक निघाली. मुलीनें 'अपूर्ण' हा शब्द निवडला त्यांत तिचा दोष नव्हता. दोष, 'पुढें पाहूं' म्हणणाऱ्याचा होता.

(४)

हा एका लहान संग्रहाचा अनुभव झाला. मोठ्या प्रमाणावर काय होतें हें १८५७ सालीं स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठानें २०१७ सालीं दाखविलें. त्या वर्षींच्या उन्हाळी परीक्षांच्या सर्व उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय झाला. परीक्षा ४७७ होत्या व उत्तरपत्रिका सतरा लक्षांच्या आसपास. एखाद्या शाखेंत प्रयोग करून, चुका पाहून, मग विस्तार करावा, एवढाही अवकाश ठेविला गेला नाहीं. जुलै महिन्यांत तपासणी पुरी करण्यासाठीं कांहीं दिवस महाविद्यालयांतील अध्यापन थांबविण्यांत आलें. कुलपतींनीं दिलेली ३१ जुलैची मुदत टळली. निकाल कित्येक आठवडे लांबले. ज्यांना पुढील शिक्षणासाठीं दुसरीकडे प्रवेश घ्यावयाचा होता त्यांचे प्रवेश धोक्यांत आले. ऑक्टोबर महिन्यांत कुलगुरु डॉ. संजय देशमुख यांस पदावरून दूर करण्यांत आलें. इतिहासांत त्यांचें नांव राहील. ज्या अध्यापकांनीं न सरावलेल्या डोळ्यांनीं पडद्यावर हजारों पानें वाचलीं, आणि ज्या विद्यार्थ्यांचें एक वर्ष डळमळलें, त्यांचीं नांवें कोणत्याही दप्तरांत एकत्र लिहिलेलीं नाहींत.

याच वर्षीं दुसरी एक गोष्ट झाली. विद्यापीठांचें व महाविद्यालयांचें मूल्यांकन करण्यासाठीं १९९४ सालीं 'नॅक' ही परिषद स्थापन झाली होती. २०१७ च्या सुधारित पद्धतीनें त्या मूल्यांकनांत आंकड्यांनीं मोजतां येणाऱ्या निकषांचा भाग फार वाढला व माहिती संगणकाद्वारें सादर करावयाची झाली. पडताळा घेतां यावा हा हेतु चांगला. परंतु माहिती गोळा करणारा निराळा मनुष्य नेमलेला नसला म्हणजे तें काम अध्यापकाच्या माथीं येतें. त्यांतून जागा रिकाम्या, आणि पुष्कळ अध्यापक तासिकांवर नेमलेले. ज्यास तासाप्रमाणें पैसे मिळतात त्यानें तासाबाहेर रकाने भरण्यांत घालविलेला वेळ कोणत्याच हिशेबांत येत नाहीं. संस्कृताच्या एका तरुण अध्यापकानें आम्हांस सांगितलें, कीं ज्या सुटींत पोथी वाचावयाची ठरविली होती ती सुटी 'संशोधनकार्याची माहिती' या सदराखालच्या नोंदी भरण्यांत गेली. संशोधनाची नोंद झाली, संशोधन राहिलें.

आम्ही ज्या तालुक्यांत राहतों त्याच्या इतिहासाची येथें आठवण होते. मुळशीचें धरण होणार म्हणून १९२१ सालीं सेनापति बापट, विनायकराव भुस्कुटे आदींनीं मावळ्यांस बरोबर घेऊन सत्याग्रह केला, हें वाचकांस ठाऊकच आहे. नकाशावर तेथें जलाशय होता, आणि मुंबईस जाणारी वीज होती. आंबेमोहराचीं खाचरें, देवळें व घरें हीं मोबदल्याच्या तक्त्यांत आंकडे होऊन बसलीं होतीं. विजेचा उपयोग आहे कीं नाहीं हा वादाचा गाभा नव्हता. किंमत कोणीं द्यावयाची हें ठरवितांना देणाऱ्यास विचारलें नाहीं, हा होता. आज त्याच मुळशी तालुक्यांत लवळ्याच्या टेकड्यांवर विद्यापीठें उभीं आहेत. धरणाची व सूचीची बरोबरी करावी असें आमचें म्हणणें नाहीं. बुडालेलें गांव आणि बुडालेली वही यांत फार अंतर आहे. परंतु जें तक्त्यांत मावत नाहीं तें नाहींच असें धरून चालण्याची संवय दोहोंत एकच आहे.

(५)

यावर असा आक्षेप येईल, कीं जुन्या पंडितांनीं ज्ञान दडवून ठेविलें. वह्या कोणास दाखविल्या नाहींत. पोथ्या वाळवीस दिल्या पण परक्यास दिल्या नाहींत. मग त्यांची एवढी आळवणी कां? हा आक्षेप बऱ्याच अंशीं खरा आहे. शास्त्रीबोवांची वही त्यांच्या हयातींत आम्हीं सुद्धां पुरती पाहिली नव्हती, आणि ती त्यांनीं आपण होऊन दाखविलीही नव्हती. एकाच्या डोक्यांत किंवा एकाच्या फडताळांत असलेलें ज्ञान त्याच्याबरोबर जातें. म्हणूनच नवी व्यवस्था हवी. पण जें डोक्यांत आहे तें बाहेर काढून घ्यावयाचें तर त्या माणसाला मान, वेळ व मोबदला दिला पाहिजे. तेवढा खर्च नको म्हणून जर आपण केवळ कपाटें रिकामीं करून घेतलीं, तर आपण संग्रहाची नक्कल केली; त्याचें ज्ञान घेतलें नाहीं.

दुसरा आक्षेप, वेळ नाहीं हा. कागद झडत आहे. सर्व कांहीं सावकाश करूं गेलों तर हातीं धूळ लागेल. हेंही खरें. म्हणून छायाचित्रें त्वरेनें घ्यावीं, त्यास आमची हरकत नाहीं. छायाचित्र घेणें व सूची करणें हीं दोन निराळीं कामें आहेत. पहिलें घाईचें आहे. दुसरें घाईनें होत नाहीं. दोन्हींचा वेग एकच धरला, हीच मूळ चूक.

आमच्या सूचना थोड्या व अल्प खर्चाच्या आहेत. पहिली : प्रत्येक नोंदीस पुष्पिका असावी. नोंद कोणीं केली, कोणीं तपासली, कोणत्या दिवशीं, आणि कोणत्या जुन्या सूचीच्या आधारें, हें नोंदीच्या खालीं लिहिलेलें असावें. यानें श्रमाचें श्रेय मिळेल, आणि चूक निघाल्यास कोणास विचारावें हेंही कळेल. दुसरी : जुने क्रमांक पुसूं नयेत. सरकारी संग्रहांतील पोथ्या वर्ष व क्रमांक देऊन उल्लेखिण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. नव्या क्रमांकाबरोबर जुना दिला नाहीं, तर तेवढ्या काळांतील सर्व लेखांतील आधार लंगडे होतील. तिसरी : जाणत्या मनुष्यास नोंद करणाऱ्याच्या शेजारीं बसवावें व त्याच्या बसण्यास काम समजून मोबदला द्यावा, दिवसाचा आंकडा त्याच्या मानानें ठरवावा. चौथी : जुन्या हस्तलिखित सूच्या, कितीही अव्यवस्थित असोत, त्यांचीं छायाचित्रें नव्या नोंदींना जोडावीं. पांचवी : ज्या मुलामुलींस अक्षर ओळखूं येऊं लागलें त्यांना तरी करार संपला म्हणून सोडूं नये. पोथी दुसऱ्या संग्रहांतून मिळूं शकेल. वाचणारा तयार होण्यास वर्षें लागतात.

खासगी संग्राहकांस एक विनंति. आपल्या घरीं बासनांबरोबर आजोबा-पणजोबांनीं केलेली यादी, टांचण, निदान पुठ्ठ्यावर लिहिलेल्या चार ओळी असतील, तर त्या पोथ्यांपासून वेगळ्या करूं नयेत. पोथ्या संस्थेस देतांना यादीही द्यावी व पोंच घेतांना तींत यादीचा उल्लेख करून घ्यावा. अशा घरगुती सूच्या व त्या करणाऱ्यांचीं नांवें कोणीं आम्हांस कळविल्यास आम्ही ऋणी होऊं. त्यांची एकत्र नोंद करून ठेवण्याचा आमचा विचार आहे.

शास्त्रीबोवांची वही सूनबाईंच्या संमतीनें छायाचित्रें घेऊन संस्थेकडे दिली आहे. टीकेची नोंद दुरुस्त झाली. अकरा पत्रें आपल्या जागीं बांधलीं गेलीं. वहीला पुष्पिका नव्हती, कारण ती संपली आहे असें त्यांनीं कधीं मानलेंच नव्हतें. शेवटच्या कोऱ्या पानावर आम्हीं त्यांचें नांव, त्यांच्या वडिलांचें नांव, गांव, व ज्या संग्रहासाठीं त्यांनीं ती लिहिली त्याचा उल्लेख करून शक व तिथि घातली. त्याखालीं लेखकांचा तो नेहमींचा श्लोक लिहिला, आणि या वेळीं तो पुरता वाचला.